विराम कोण लिहितो?

डिसेंबर 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या ‘हार्लेम वर्ल्ड’ क्लबात दोन रॅपर एकमेकांसमोर उभे राहिले. त्यांतला बिझी बी स्टार्स्की हा सभा मारून नेणारा गडी होता. लोकांकडून आरोळ्या वदवून घेणं, अर्थहीन अक्षरांच्या ठेक्यावर अख्खा क्लब डोलवणं, मध्येच स्वतःची फुशारकी मारणं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसरा होता ‘ट्रेचरस थ्री’ या गटातला कूल मो डी. त्याने माइक घेतला आणि प्रेक्षकांना सोडून थेट बिझी बीलाच धरलं. त्याची अक्षरं, त्याचं नाव, त्याच्या ओळींची उसनवारी असा एकेक मुद्दा घेऊन त्याने यमकांतच पंचनामा केला. त्या रात्रीची कॅसेट हातोहात फिरली. बॅटल रॅपचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या प्रसंगावर एकच शेरा मारतात: त्या रात्री शब्दांनी करमणुकीला हरवलं. तेव्हापासून या खेळात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, खरा कस ओळींचा. आवाज, हातवारे, वेशभूषा हा सगळा वरचा मुलामा. दुसरा म्हणतो, सभागृह हललं नाही तर ओळी कितीही चांगल्या असोत, त्या वहीतच ठेवायच्या.

‘दोन्ही हवं’ असं म्हणून या वादातून अंग काढून घेता येतं, आणि बहुतेक परीक्षक तसंच करतात. लेखनाला इतके गुण, सादरीकरणाला इतके, बेरीज करून विजेता घोषित. पण ही बेरीजच मला चुकीची वाटते. ती धरून चालते की ओळ आधी पूर्ण होते आणि मग तिच्यावर सादरीकरणाचा हात फिरतो. बॅटल रॅपमध्ये तसं घडत नाही. इथे सादरीकरण हा लेखनाचाच शेवटचा खर्डा असतो. ओळीत कुठे थांबायचं, कोणता शब्द दाबायचा, कोणता गिळायचा, समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघायचं हे ठरवल्याशिवाय ती ओळ लिहून झालेलीच नसते. हार्लेम वर्ल्डमधला मो डीसुद्धा करमणुकीच्या विरोधात उभा नव्हता. बिझी बीची लकब त्या गर्दीच्या तोंडात बसलेली आहे हे ओळखूनच त्याने तिच्यावर पहिला घाव घातला. समोर तीच गर्दी नसती तर तो घाव अर्धाही बसला नसता.

मग हे दोन पक्ष एवढे कडवे का झाले? त्याचं उत्तर खेळाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. 1990 च्या दशकात बॅटल म्हणजे मुख्यतः बीटवरची उत्स्फूर्त रचना. सिनसिनाटीच्या ‘स्क्रिबल जॅम’ महोत्सवात 1997 साली एमिनेम शिकागोच्या ज्यूसकडून हरला, तो अशाच सामन्यात. बीट मिनिटाला 90 ठोक्यांचा असेल तर चार ठोक्यांची एक ओळ साधारण पावणेतीन सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात सुचायलाही हवं आणि बोलायलाही हवं. तिथे लेखन वेगळं आणि सादरीकरण वेगळं असा भेद करायला फटच नव्हती. 2008 च्या आसपास चित्र पालटलं. अमेरिकेत ग्राइंड टाइम, टोरांटोत किंग ऑफ द डॉट, इंग्लंडमध्ये डोन्ट फ्लॉप, थोड्याच काळात न्यूयॉर्कची यूआरएल म्हणजे अल्टिमेट रॅप लीग आणि 2010 मध्ये फिलिपाइन्समध्ये फ्लिपटॉप अशा लीग उभ्या राहिल्या. बीट गेला. प्रतिस्पर्धी आधी जाहीर होऊ लागला, तयारीला काही आठवडे मिळू लागले आणि सामने यूट्यूबवर झळकू लागले. प्रत्येकी तीन फेऱ्या, फेरी काही मिनिटांची आणि सगळं तोंडपाठ. लिहिण्याचा क्षण आणि म्हणण्याचा क्षण यांत काही आठवड्यांचं अंतर पडलं, तेव्हा कुठे ‘पण लिहिलं चांगलं होतं’ हे वाक्य बोलता येऊ लागलं.

मौखिक काव्याचे अभ्यासक मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गुस्ले वाजवून वीरगाथा गाणाऱ्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांवर काम केलं आणि दाखवून दिलं की त्या परंपरेत गाणं हेच रचणं असतं. आधी रचलं आणि मग गायलं असा क्रमच नसतो. जुना बीटवरचा रॅपर त्या गायकांचा दूरचा भाऊबंद होता. आजचा बॅटल रॅपर नाटककारासारखा घरी बसून लिहितो, पण नटही स्वतःच असतो. त्यामुळे नाटककाराला मिळणारी सवलत त्याला नाही. नटाने प्रयोग पाडला, संहिता निर्दोष होती, असं तो कुणाच्या नावाने म्हणणार?

हे नेमकं कसं चालतं ते एका ओळीवर पाहू. उदाहरणापुरती घरचीच घडवतो, म्हणजे कुणाच्या रचनेला हात लावायला नको: ‘आठवड्याला सात वार असतात, तुझ्याकडून एकही झाला नाही.’ श्लेष उघड आहे, सोमवार-मंगळवारचा वार आणि तलवारीचा वार. आता ही ओळ म्हणणाऱ्याने पहिल्या अर्ध्यातच ‘वार’वर जोर दिला, मूठ आवळली, की ऐकणाऱ्याला पुढचं कळलं. श्लेष ओठांवर येण्याआधीच सांडला. उलट पहिला अर्धा भाग त्याने पंचांग सांगावं तसा सपाट म्हटला, मग एक क्षण थांबला, समोरच्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ‘एकही’वर दाब दिला, तर दुसरा अर्थ श्रोत्याच्या डोक्यात आपोआप फुटतो. शब्द दोन्ही वेळा तेच, रचना मात्र दोन वेगळ्या. पहिलीत विनोद आहे पण तो गुपित राखत नाही, दुसरी गुपित शेवटपर्यंत राखते. तो मधला क्षण कुणी लिहिला? वहीत तर तो नाही. पण सात वारांची ओळ आधी आणि ‘एकही’ नंतर असा क्रम लावणाऱ्याच्या मनात तो होता, नाहीतर त्याने हा क्रम लावलाच नसता.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हा वाद हजार वर्षांपूर्वी जवळपास याच शब्दांत घातला होता. ‘काकू’ म्हणजे स्वराच्या वळणाने पालटणारा अर्थ. (इथे नात्यातल्या काकूंचा काही संबंध नाही, त्यांच्या स्वराने कितीही अर्थ पालटत असले तरी.) नवव्या शतकातल्या रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले, एक श्लेषाने होणारी आणि एक काकूने होणारी. म्हणजे शब्दाचा दुहेरी अर्थ आणि आवाजाचं वळण ही दोन्ही त्याने एकाच अलंकाराच्या पोटात घातली. राजशेखराला हे पटलं नाही. स्वतःच्या घराण्याचा संबंध महाराष्ट्राशी सांगणारा हा पंडित ‘काव्यमीमांसे’त आक्षेप घेतो की काकू हा पठणाचा धर्म आहे, तो अलंकार कसा होईल? पुढे अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त पुन्हा रुद्रटाची बाजू घेतली आणि काकुवक्रोक्तीला शब्दालंकारांत जागा दिली. आजचा लेखनवादी रॅप-चाहता राजशेखराच्या पंगतीतला आहे. पठण वेगळं, काव्य वेगळं. मला मम्मटाचं म्हणणं अधिक टिकाऊ वाटतं, कारण काकू काढून घेतली की काही ओळी नुसत्या फिक्या होत नाहीत, त्यांचा अर्थच जातो. ‘वा, काय लिहिलंयस’ हे कौतुक आहे की थट्टा, ते कागद सांगू शकत नाही. आणि बॅटल रॅपमधली निम्मी वाक्यं याच जातीची असतात.

या मताची सगळ्यात कठीण परीक्षा 2012 मध्ये झाली. कॅनिबस हा 1990 च्या दशकातला नावाजलेला रॅपर, दाट, शब्दबंबाळ, संदर्भांनी ठासलेल्या ओळींसाठी प्रसिद्ध. किंग ऑफ द डॉटच्या मंचावर तो डिझास्टर या कसलेल्या बॅटल रॅपरसमोर उभा राहिला. डिझास्टरच्या माऱ्यापुढे त्याची लय तुटली, पाठ केलेलं आठवेना, आणि अखेर त्याने हार कबूल करून वही काढली आणि त्यातून वाचायला सुरुवात केली. वाचत राहिला. लेखनवाद्यांच्या तर्काने पाहिलं तर याहून शुद्ध सादरीकरण असूच शकत नाही. मध्ये अभिनय नाही, चलाखी नाही, नुसते शब्द. प्रत्यक्षात पाहणाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं. आक्षेप असा येईल की हे स्मरणशक्तीचं अपयश आहे, लेखनाचं नव्हे. मला ते तसं वाटत नाही. गाण्याच्या स्टुडिओत एकामागून एक दाटीने रचलेल्या ओळी बीटच्या आधाराने चालतात. बीट काढला, समोर शत्रू आणि भोवती गर्दी ठेवली की त्यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. ज्या ओळींत थांबायची जागाच ठेवलेली नाही त्या पाठ करायलाही अवघड आणि ऐकायलाही. पाठांतर कोसळलं त्याचं एक कारण रचनेतच होतं. रॅपर याला ‘चोक होणं’ म्हणतात, म्हणजे घसा आवळला जाणं, आणि दोष घशाला देतात. पण घसा कुठे आवळणार हे बहुतेक वेळा वहीतच ठरलेलं असतं.

याच्या उलट टोकाचा आक्षेप अधिक बळकट आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सादरीकरणाला लेखनात धरलं तर आरडाओरडा करणारे, नाटकी, सामानसुमान घेऊन येणारे लोक कविता केल्याचं श्रेय लाटतील. असं घडतंही. बीट नसलेल्या सामन्यात आवाज चढवून, जमिनीवर पाय आपटून, शेवटचा शब्द ओरडून सुमार ओळीलाही गर्जना मिळवता येते. सोबत आणलेले मित्र पाठीमागे उभे राहून उड्या मारायला तयारच असतात. म्हणून वेगळी कसोटी लागते: सादरीकरण ओळीतला अर्थ उघडतं आहे की ओळीत अर्थ नाही ही गोष्ट झाकतं आहे? 2012 मध्येच यूआरएलच्या ‘समर मॅडनेस 2’मध्ये लोडेड लक्स डेट्रॉइटच्या कॅलिकोविरुद्ध उतरला, तेव्हा त्याच्यासोबत मंचावर शवपेटी आली. बऱ्याच काळानंतर तो या आखाड्यात परतत होता. वरवर पाहता हा थिल्लरपणाच. पण लक्सची बोलण्याची धाटणी एखाद्या धर्मोपदेशकाची, आणि त्याच्या फेऱ्यांत तो प्रतिस्पर्ध्याला शिव्या देण्यापेक्षा त्याच्या जगण्याचा हिशेब मांडत होता. अंत्यविधीला उपदेशक लागतो, आणि उपदेशकाला पेटी लागते. ती पेटी बाहेरून आणलेली वस्तू राहिली नाही, पूर्ण फेरीचं रूपक झाली. हीच पेटी कुणी उगाच आणली असती तर दहा सेकंदांत सुतारकाम उरलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सादरीकरण म्हणजे मोठा आवाज असं समजून लेखनवादी तक्रार करतात की आवाज जन्मजात असतो, त्याला गुण देणं म्हणजे उंचीला गुण देणं. पण या खेळातले कित्येक प्रभावी वक्ते जवळजवळ गप्पा मारल्यासारखे बोलतात. न्यूयॉर्कच्याच हॉलो दा डॉनची ख्याती अशी की तो यमक आलं हे कळू न देता वाक्य संपवतो आणि समोरच्याने नुकतंच म्हटलेलं उचलून तिथल्या तिथे परतवतो. इंग्लंडमध्ये 2012 साली डोन्ट फ्लॉपने मार्क ग्रिस्ट या कवीला, जो पूर्वी पीटरबरोत इंग्रजी शिकवत असे, ब्लिझर्ड या किशोरवयीन रॅपरसमोर उभं केलं, ‘शिक्षक विरुद्ध विद्यार्थी’ अशी जाहिरात करून. तो सामना लाखो लोकांनी पाहिला. ग्रिस्टकडे रस्त्यावरचा रुबाब नव्हता आणि त्याने तो उसना आणलाही नाही. मास्तरकीचा संथ, स्पष्ट स्वर त्याने तसाच ठेवला आणि ओळी त्या स्वराला शोभतील अशा लिहिल्या. चढा आवाज नसलेल्या माणसाने चढ्या आवाजाच्या ओळी लिहिल्या असत्या तर ती लेखनातलीच चूक ठरली असती. आपला गळा कोणत्या वाक्यांना न्याय देतो हे ओळखणं हा लेखकाच्या कामाचा भाग आहे.

आता मुळाशी जाऊ. माझ्या मते लेखन विरुद्ध सादरीकरण हा वाद बऱ्याचदा वेगळ्याच प्रश्नाचं सोंग घेऊन आलेला असतो: निकाल कुणी द्यायचा, सभागृहाने की पडद्यापुढे बसलेल्याने? सभागृहातल्या माणसाला प्रत्येक ओळ एकदाच ऐकू येते. अर्धा सेकंद उशिरा कळलेला श्लेष त्याच्यासाठी झालाच नाही, कारण पुढची ओळ सुरू झालेली असते. घरी बसलेला मागे नेऊन पुन्हा ऐकतो, तिसऱ्या वेळी दडलेला संदर्भ सापडला की आनंदतो आणि ‘सभागृहाच्या डोक्यावरून गेलं’ अशी तक्रार करतो. यूआरएलसारख्या लीगने बहुतेक सामन्यांना अधिकृत परीक्षकच ठेवले नाहीत, त्यामुळे दोन्ही सभांना आपापला निकाल लावायची मुभा राहिली आणि वाद कधी मिटलाच नाही. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’च्या तिसऱ्या भागात ही अडचण नेमकी ओळखली होती. लिहून वाचायची शैली आणि वादसभेत बोलायची शैली वेगळ्या असतात, वाचनासाठी घडवलेलं भाषण सभेत बारीक वाटतं आणि सभेत गाजलेलं भाषण हातात घेऊन वाचलं तर ओबडधोबड, असा त्याचा आशय आहे. त्याने एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवलं नाही. कशासाठी लिहिलं आहे ते आधी पाहा, एवढंच सुचवलं.

रशियातलं उदाहरण या दृष्टीने बोलकं आहे. ऑगस्ट 2017 मध्ये सेंट पीटर्सबर्गला ऑक्सीमिरॉन आणि ग्नोयनी यांचा सामना झाला. ऑक्सीमिरॉन ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकलेला, तेव्हा देशातल्या सगळ्यात प्रतिष्ठित रॅपरांपैकी एक. व्हिडिओ आला आणि एका दिवसात कोटीच्या घरात पाहिला गेला. ऑक्सीमिरॉनच्या ओळी बांधेसूद, साहित्यिक, स्वतःच्या भूमिकेचा खोल विचार करणाऱ्या. ग्नोयनीने त्याच्या प्रतिमेवर, गंभीरपणावर, मोठेपणावर सरळ हल्ला चढवला, तोही कुचेष्टेच्या स्वरात. पाचही परीक्षकांनी ग्नोयनीला कौल दिला. कविता हरली आणि कुचाळकी जिंकली अशी हळहळ त्यावर व्यक्त झाली. पण ऑक्सीमिरॉनच्या फेऱ्यांचा बराच भाग समोरच्या माणसाला उद्देशून नव्हताच. समोर उभा असलेला शत्रू हा या काव्यप्रकाराचा पहिला श्रोता. त्याला न बोचणारी ओळ उत्तम असू शकते, पण ती दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारातली उत्तम ओळ असते. ग्नोयनीच्या विजयाला मी सादरीकरणाचा विजय म्हणणार नाही. त्याने प्रसंगाला साजेसं लिहिलं होतं.

उत्स्फूर्ततेचे भक्त या सगळ्यावर हसतील. त्यांच्या मते घरून लिहून आणणं हीच फसवणूक, त्यामुळे लिहिलेलं आणि म्हटलेलं यांची वादावादीच निरर्थक. स्पॅनिश भाषक जगात हा पक्ष अजून भक्कम आहे. 2005 पासून चाललेल्या रेड बुलच्या बॅटल स्पर्धांत बीटवर जागच्या जागी रचणं अपेक्षित असतं, आणि तयार ओळ वापरल्याचा संशय हीच तिथे बदनामी. मराठी वाचकाला कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब आठवतील, तिथेही समोरच्याला जागीच उत्तर सुचणं याला मोल आहे. पण लिहून आणलेला वादही जुनाच आहे. फिलिपाइन्समध्ये 1924 मध्ये सुरू झालेला बालागतासान, म्हणजे दोन कवींचा पद्यातला जाहीर वाद, पहिल्यांदा रंगला तो लिखित संहितेवरच, आणि फ्लिपटॉपबद्दल बोलताना तिथले लोक त्याचं नाव हमखास घेतात. शिवाय लिखित बॅटलमध्येही उत्स्फूर्ततेला जागा उरतेच. फेरीच्या सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याच्या ताज्या ओळीला तिथेच सुचलेलं उत्तर देतात, त्याला रिबटल म्हणतात, आणि ते पाठ केलेल्या मजकुरात सांधा दिसू न देता बसवणं हे बेतूनच लिहावं लागतं. चांगला रॅपर त्यासाठी फेरीच्या तोंडाशी मोकळी जागा सोडून येतो.

उरला तो तिसरा श्रोता, वाचक. सामने झाले की चाहते ओळी उतरवून इंटरनेटवर टाकतात, श्लेष आणि संदर्भ उलगडणाऱ्या टिपांसह. लेखनवादी आपला निकाल आता बहुधा तिथूनच काढतात. पण उतरवणारा काय गाळतो ते पाहा. गर्दीच्या गोंगाटात बुडालेली ओळ रॅपर पुन्हा म्हणतो, कधी मुद्दाम, कारण दुसऱ्यांदा येणाऱ्या पूर्वार्धाने शेवटच्या शब्दाची भूक वाढते. उतारा ती एकदाच छापतो. प्रेक्षक ओरडत असताना तो शत्रूकडे मान हलवत पाच सेकंद गप्प उभा राहतो. उताऱ्यात तिथे फक्त पुढची ओळ असते. एखादा शब्द तो अर्धवट सोडतो आणि यमकाच्या जोरावर सभागृह तो पूर्ण करतं; उतारा तो शब्द रॅपरच्याच तोंडी घालून टाकतो. तीन फेऱ्यांमध्ये असं अनेकदा घडतं, आणि त्यातलं पुष्कळसं रॅपरने आठवडाभर आधी खोलीत एकट्याने म्हणून म्हणून ठरवलेलं असतं.